कक्ष क्रमांक, गट क्रमांक आणि गावाची शीव

चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन वनजिल्ह्यांचे भाषिक वर्णन करताना झाडीबोली, गोंडी, माडिया, सिरोंचा भागातील तेलुगू, पूर्व सीमेलगतची छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेरा परिसरात वसवलेल्या निर्वासित कुटुंबांची बंगाली अशी नावे सहसा घेतली जातात. जनगणनेत न नोंदला जाणारा आणखी एक भाषाभेद येथे तितकाच खोल आहे. वनरक्षक, तलाठी, डॉक्टर, वन्यजीव संशोधक, तेंदूपत्त्याचा कंत्राटदार, वनहक्काची प्रकरणे चालवणारा वकील आणि जंगलावर जगणारा गावकरी हे सारे मराठीतून एकमेकांशी बोलत असले, तरी प्रत्येकाची परिभाषा वेगळी असते. परिभाषा म्हणजे एखादे काम वर्षानुवर्षे एकत्र करणाऱ्या माणसांनी त्या कामासाठी घडवलेला शब्दसंग्रह. तो आतल्यांना थोडक्यात नेमके सांगतो आणि बाहेरच्यांना बहुधा दारातच थांबवतो.

जंगलाच्या एकाच तुकड्याचे पत्ते या परिभाषांत किती वेगवेगळे असतात, ते पाहिले की हा भेद ध्यानात येतो. वनखात्याच्या दप्तरात तो तुकडा अमुक परिक्षेत्रातील तमुक नियतक्षेत्राचा एक कक्ष असतो आणि त्याला क्रमांक असतो, कारण तोड, लागवड आणि आगीपासून संरक्षण यांचे वेळापत्रक कक्षांवरच बेतलेले असते. महसूल खात्याच्या दप्तरात तोच तुकडा भूमापन किंवा गट क्रमांकाने ओळखला जातो, कारण जमीन कोणाची आणि तिचा वापर कशासाठी हे तलाठ्याला सांगायचे असते. गावाच्या लेखी मात्र तो अमक्या नाल्यापासून तमक्या देवस्थानापर्यंतचा, मोहाची झाडे असलेला किंवा उन्हाळ्यात गुरे चारण्याचा भाग असतो. या तिन्ही ओळखी आपापल्या कामापुरत्या बरोबर असतात. अडचण उद्भवते ती तिघांना मिळून एखादा निर्णय घ्यावा लागतो तेव्हा.

अशा वेळी सुचवला जाणारा नेहमीचा उपाय म्हणजे शब्दांचा कोश तयार करणे, किंवा तज्ज्ञांना ‘सोप्या भाषेत बोला’ असे सांगणे. या दोन्ही उपायांचा काही उपयोग असला, तरी या जिल्ह्यांचा गेल्या चार दशकांचा अनुभव निराळीच गोष्ट सुचवतो. जेथे दोन जाणकार समूहांमधला संवाद खरोखर साधला, तेथे कोणीही दुसऱ्याची परिभाषा पूर्ण शिकलेले दिसत नाही. दोघांनाही हाताळता येईल असे एखादे साधन, दोघांनाही बसता येईल अशी एखादी बैठक आणि दोघांच्याही सांगण्याला सारखे वजन देणारा एखादा नियम तेथे निर्माण झालेला दिसतो.

शब्दांमागचे पाहणे

पोलिश वैद्य आणि विचारवंत लुडविक फ्लेक यांनी १९३५ मध्ये, एका रक्तचाचणीच्या इतिहासाचा अभ्यास करताना, ‘विचारसमूह’ ही कल्पना मांडली. एकाच विषयावर सतत एकत्र काम करणारी माणसे एकसारखे बोलू लागतात, त्याचबरोबर ती एकसारखे पाहूही लागतात, आणि नवख्याला जे गोंधळाचे वाटते त्यात त्यांना स्पष्ट आकृती दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. हे मान्य केले, तर परिभाषेची अडचण केवळ अवघड शब्दांची उरत नाही. एखाद्या बांबूच्या बेटाकडे वनाधिकारी पाहतो तेव्हा त्याला तोडीचे चक्र आणि परिपक्व बांबूंची संख्या दिसते. बुरड कारागिराला त्यातला कोणता बांबू सुपाला आणि कोणता टोपलीला चालेल ते दिसते. वन्यजीव अभ्यासकाला त्यात प्राण्यांचा आडोसा दिसतो. शब्द बदलून दिला म्हणून पाहण्याची ही सवय बदलत नाही, आणि ती बदलावी अशी अपेक्षा धरणेही योग्य नाही, कारण जाणकाराचे जाणकारपण त्या सवयीतच असते.

ओळखीच्या शब्दांचा धोका

अपरिचित शब्दाने होणारे नुकसान मर्यादित असते, कारण ऐकणाऱ्याला तो कळत नसल्याचे कळते आणि तो विचारतो. अधिक हानी होते ती दोन्ही बाजूंना ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाने. पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ हे याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींत ही संज्ञा मुरमाड, शेतीस निकृष्ट आणि केवळ झुडपे वाढतील अशा जमिनीसाठी वापरली जात असे. गावाची गुरे आणि इतर सामाईक गरजा अशा जमिनीवर भागत, आणि अशा गरजा भागवण्याच्या वहिवाटीला ‘निस्तार’ म्हणतात. महसुली कारकुनाच्या दृष्टीने त्या नोंदीत भर जमिनीच्या प्रतीवर होता, तिच्यावरील वनावर नव्हता.

पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात असा आदेश दिला की शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे तेच नव्हे, तर शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र या कायद्यासाठी वन समजावे. या आदेशाने देशातील बरेच जंगल वाचले; पण त्याच आदेशामुळे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगलाच्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा प्रश्न उभा राहिला, कारण तिच्यातील काही भागावर तोवर घरे, शाळा, रस्ते आणि सरकारी इमारती झालेल्या होत्या. महसूल खात्याने एका कामासाठी लिहिलेला शब्द पर्यावरण कायद्याने दुसऱ्या कामासाठी वाचला होता. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच असल्याचे मान्य केले आणि १९९६ पूर्वीच्या अधिकृत वाटपांसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट खुली ठेवली. दोन खात्यांच्या परिभाषांमधील हा सांधा जुळवण्यास जवळपास तीन दशके लागली.

बांबूची कथाही याच जातीची आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखी बांबू हे तृणकुलातील, म्हणजे गवताच्या कुळातील, झाड आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र वृक्षाच्या व्याख्येत ताड, खुंट आणि वेत यांच्या बरोबरीने बांबूचाही समावेश केला होता. शास्त्रीय वर्गीकरणाशी त्या कायद्याला कर्तव्य नव्हते. कोणत्या मालाची तोड आणि वाहतूक सरकारच्या नियंत्रणाखाली राहील, हे त्याला ठरवायचे होते. त्यानंतर २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्याने बांबूला गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणाऱ्या इतर उत्पन्नात, स्पष्टपणे बसवले. गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा वननिवासींचा हक्क असल्याचेही त्याच कायद्यात नमूद आहे. अशा रीतीने काही काळ एकच बांबू एका कायद्यात वृक्ष आणि दुसऱ्यात गौण वनोपज होता, आणि कोणता अधिकारी कोणते पुस्तक उघडतो यावर त्याचे भवितव्य ठरत होते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बांबू विकायचे ठरवले तेव्हा दोन कायद्यांमधला हा विरोध प्रत्यक्षात उभा ठाकला. जंगलातून माल बाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो, ज्याला सर्वत्र ‘टीपी’ म्हणतात; तो देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता आणि खाते जुन्या व्याख्येवर ठाम होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. १९२७ च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो त्यानंतर, २०१७ मध्ये.

लाल मणी

आरोग्याच्या क्षेत्रात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेसमोर, लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच कसा ओळखावा, हा प्रश्न होता. रुग्णालयातील डॉक्टरची परिभाषा स्टेथोस्कोप आणि क्ष-किरण चित्र यांवर उभी असते आणि ही साधने गावात नव्हती. गावातील बायांकडेही या आजाराची जाण होती. धाप लागण्याला त्या ‘लहाक’ म्हणत आणि आजाराला ‘डब्बा’. म्हणजे लक्षणाला आणि आजाराला त्यांच्या बोलीत वेगवेगळी नावे होती. उणीव होती ती साधी धाप आणि जिवावरची धाप यांत रेघ ओढण्याच्या मापाची.

हे माप वैद्यकातूनच आले. पापुआ न्यू गिनीमध्ये फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की श्वासाचा वेग मोजून आणि छाती आत ओढली जाते का ते पाहून मुलांचा न्यूमोनिया पुरेशा खात्रीने ओळखता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने यावरच आपले निकष बांधले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा त्याहून अधिक वेगाने चालत असेल, तर तो धोक्याचा समजावा. परंतु अक्षरओळख नसलेल्या दाईला घड्याळात मिनिट पाहणे आणि साठापर्यंत न चुकता मोजणे जड जात असे. तेव्हा गडचिरोलीत एक श्वासमापक तयार झाला. त्यात एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या, एक अगदी तान्ह्या बाळांसाठी आणि दुसरी मोठ्यांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे.

या साधनाची खुबी अशी की डॉक्टरला त्यात मिनिटाला ६० हा निकष जसाच्या तसा दिसतो आणि दाईला त्यात दहापर्यंतची मोजणी व लाल रंग दिसतो. डॉक्टरने आपला निकष सैल केलेला नाही आणि दाईला वैद्यकाची परिभाषा शिकावी लागलेली नाही, तरीही दोघे एकाच बाळाबद्दल एकाच निर्णयावर येतात. अशा पद्धतीने गावपातळीवर निदान आणि उपचार केल्यानंतर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहून कमी असल्याचे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढचा टप्पा अधिक कठीण होता. नवजात बाळाच्या शरीरात पसरणाऱ्या जंतुसंसर्गाला डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात आणि त्याच्या खात्रीसाठी रक्ताची तपासणी लागते. सर्चच्या कार्यकर्त्यांनी घरोघर ठेवलेल्या नोंदींतून हा आजार सात खुणांवर आणला: बाळाचे चोखणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी होणे किंवा पोट फुगणे, अंग गार लागणे, छाती जोराने आत ओढली जाणे आणि नाळेत पू होणे. यांपैकी कोणत्याही दोन खुणा एकत्र दिसल्या की उपचाराची वेळ आली, असा नियम ठरला. या यादीतील बहुतेक खुणा आईच्या नजरेच्या टप्प्यातल्या आहेत. काल नीट दूध पिणारे बाळ आज पीत नाही, हे तिच्याइतके नेमके दुसरे कोणीही सांगू शकत नाही. सामान्यतः ‘घरच्यांचे म्हणणे’ म्हणून बाजूला पडणारी माहिती येथे निदानाचा भाग झाली. ३९ गावांतील या घरोघरीच्या नवजात बाळसेवेने नवजात मृत्युदर तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत अशीच सेवा देशभर सुरू झाली.

दोघांच्या हाती चालणारी वस्तू

अशा साधनांना समाजशास्त्रात नाव आहे. सुसान ली स्टार आणि जेम्स ग्रिसेमर यांनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाचा अभ्यास करून ‘सीमावस्तू’ ही संकल्पना मांडली. १९०८ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांना प्राण्यांच्या वितरणाचा सिद्धान्त मांडायचा होता, तर त्यांना नमुने पुरवणाऱ्या फासेवाल्यांना त्या सिद्धान्तात रस नव्हता. ग्रिनेल यांनी त्यांना प्राणिशास्त्र शिकवण्याचा खटाटोप केला नाही. नमुना कधी, कोठे आणि कोणी पकडला याची ठरावीक नोंद आणि तो कसा जपावा याची पद्धत तेवढी पक्की केली. प्रत्येक समूह ज्या वस्तूचा आपल्या कामासाठी आपल्या अर्थाने उपयोग करतो आणि जी तरीही सर्वांसाठी एकच राहते, ती सीमावस्तू.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात अशा वस्तू शोधायला दूर जावे लागत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात ७० पानांचा एक पुडा बांधला जातो. पाने तोडणाऱ्या बाईसाठी तो पहाटेपासूनच्या कामाचे माप असतो, कारण मजुरी शंभर पुड्यांमागे ठरते. कंत्राटदारासाठी हजार पुड्यांची एक गोणी हे बोलीचे एकक असते. वनखात्यासाठी त्याच गोण्यांवर त्या भागाच्या उत्पन्नाचा अंदाज उभा असतो. विडीच्या बाजाराचे अर्थशास्त्र, वनखात्याचे हिशेब आणि घरातील उन्हाळ्याचा खर्च या तीन गोष्टी त्या पुड्यात एकत्र येतात, आणि तिघांनी एकमेकांची परिभाषा न शिकताही व्यवहार चालतो. वाघाचे कॅमेरा सापळ्यातील छायाचित्रही असेच आहे. संशोधक त्यातील पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधतो, आणि मोह वेचायला जाणाऱ्या गावकऱ्याला त्यावरून आज कोणती वाट टाळायची ते कळते.

सीमावस्तूची मर्यादाही येथेच दिसते. पुडा व्यवहार चालवतो, पण तो व्यवहार करावा की नाही हे ठरवत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणेच थांबवले, कारण नवी पालवी फुटावी म्हणून फांद्या छाटल्या जातात व आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे माणसे व पाखरे दोघेही खातात, असा विचार गावाने केला. असा निर्णय घेण्यासाठी वस्तू पुरत नाही, बैठक लागते.

अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा

मेंढा (लेखा) येथे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अशी बैठक घडली आणि तिला ‘अभ्यासगट’ म्हणतात. अभ्यासगटात गावकरी आणि बाहेरून बोलावलेले जाणकार एकत्र बसून एखादा विषय, मग तो वन कायदा असो, बांबू असो किंवा मध असो, समजून घेतात. मात्र अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नसतो. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने, बहुमताने नव्हे.

ही विभागणी वरवर साधी दिसली, तरी परिभाषांच्या प्रश्नावर ती नेमके बोट ठेवते. ज्या सभेत निर्णय व्हायचा असतो, तेथे प्रत्येक प्रश्न बाजू घेतल्यासारखा ऐकू येतो. ‘कूप’, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, हा शब्द घ्या: ‘कूप म्हणजे काय’ असे विचारणारा अडाणी ठरतो आणि ‘कूप असाच का पाडला’ असे विचारणारा विरोधक ठरतो. परिणामी सभेत माना डोलतात आणि घोळ नंतर जंगलात उघड होतो. निर्णयाचा ताण काढून घेतला की तज्ज्ञालाही ‘हे ठाऊक नाही’ असे म्हणता येते आणि गावकऱ्यालाही एकच शंका तीन वेळा विचारता येते. सर्वसहमतीच्या अटीमुळे आणखी एक गोष्ट साधते: ज्या एका माणसाला मुद्दा समजलेला नाही, त्याला समजेपर्यंत निर्णय पुढे सरकत नाही, म्हणून समजावून सांगणे ही सर्वांचीच गरज होते. बहुमताच्या सभेत ती जबाबदारी कोणाचीच नसते.

नियम आणि अधिकार

साधन आणि बैठक असूनही प्रश्न उरतो तो अधिकाराचा. मेंढ्यात कायद्याचा अर्थ सर्वांना समजला होता. अडले होते ते परवान्याचे पुस्तक कोणाच्या हाती असावे यावर. एखादी परिभाषा दुसरीपेक्षा वरचढ ठरते ती अधिक अचूक असते म्हणूनच असे नाही, तर शिक्का तिच्याकडे असतो म्हणूनही.

या दृष्टीने वनहक्क कायद्याचे २००८ चे नियम महत्त्वाचे आहेत. दाव्याच्या पुराव्यांत त्यांनी नकाशे, उपग्रहचित्रे आणि वनखात्याच्या कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाचे दीर्घ मुदतीचे आराखडे, यांच्याच रांगेत विहिरी, दफनभूमी व पूजास्थाने आणि गावातील ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले कथन यांना स्थान दिले. शिवाय दाव्याची पडताळणी करताना वन हक्क समितीने वनखात्याला सूचना देऊन प्रत्यक्ष जागेवर जावे, अशी पद्धत ठरवली. अशा पाहणीत वनरक्षक कक्षाची सीमा दाखवतो, ज्येष्ठ गावकरी शिवेचा नाला आणि दगड दाखवतो आणि दोन्ही एकाच नकाशावर चढतात. ज्याचा पत्ता कागदावर नव्हता, त्यालाही तो सिद्ध करण्याची संधी मिळते. गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांचे सामूहिक हक्क मान्य झाले, त्यामागे या प्रक्रियेचा वाटा मोठा आहे.

हक्क मान्य झाल्यावर आता व्यवस्थापनाची पाळी आहे आणि परिभाषांची खरी कसोटी तेथे लागते. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने आपल्या वनक्षेत्राचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा तयार करून तो वनखात्याच्या आराखड्यांशी जोडायचा असतो, आणि जोडताना आवश्यक वाटतील ते बदल करण्याचा अधिकार समितीला असतो. वनखात्याचा आराखडा कक्ष, क्षेत्रफळ आणि अनेक वर्षांचे तोडचक्र यांत लिहिलेला असतो. गावाचा आराखडा ऋतू, ठिकाणांची नावे आणि कोणती वस्तू कोणत्या महिन्यात कोण गोळा करते यांत बोलतो. या दोहोंतील एकाने दुसऱ्याची भाषा उचलली, तर वनखात्याची नक्कल असलेला एक आराखडा तरी तयार होईल किंवा कोणत्याही कार्यालयात न चालणारा एक कागद तरी. दोन्ही परिभाषा शेजारी शेजारी ठेवणारा, कक्ष क्रमांकासमोर ठिकाणाचे नाव आणि तोडवर्षासमोर हंगाम लिहिणारा आराखडा हाच व्यवहार्य मार्ग आहे. तो लिहिण्यासाठी वनरक्षकाने गावकरी होण्याची किंवा गावकऱ्याने वनरक्षक होण्याची गरज नाही; आराखड्यातील रकाने कोणते असावेत, हे दोघांनी मिळून ठरवले पाहिजे एवढीच अट आहे, आणि नियमांनी त्यात ग्रामसभेला शेवटचा शब्द दिलेला असल्याने ती अट पाळून घेण्याचे बळही आता गावाकडे आहे.